झाकलेल्या बाटल्या, अनोळखी द्राक्षं: घरच्या घरी ब्लाइंड टेस्टिंग

वाइन झाकून चाखण्याचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी ‘ओळखा पाहू’ या थाटात होतो, आणि नवखा माणूस तिथेच मागे पडतो. ज्याने आयुष्यात जास्त बाटल्या उघडल्या आहेत तो नावं घेतो आणि बाकीचे माना डोलावतात. द्राक्षाचे वाण अपरिचित निवडले, की ही उतरंड एका फटक्यात मोडते. तोरोंतेस किंवा सापेरावी समोर आली, की दहा वर्षं वाइन पिणारा आणि दहा महिने पिणारा दोघेही एकाच पायरीवर उभे राहतात. दोघांकडे फक्त नाक, जीभ आणि आपापले शब्द असतात. म्हणून मला वाटतं, ब्लाइंड टेस्टिंगची सुरुवातच मुळी अनोळखी वाणांनी करावी.

अशा वाणांची कमतरता नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या 2017 च्या अहवालाप्रमाणे जगात द्राक्षाचे सुमारे 10,000 वाण ज्ञात आहेत, आणि त्यांतल्या फक्त 33 वाणांनी जगातलं निम्मं द्राक्षक्षेत्र व्यापलं आहे. उरलेल्या हजारोंना उरलेल्या निम्म्यात दाटीवाटीने राहावं लागतं. आपल्याला त्यातले पाच-सहा पुरेत.

माणसं किती, वाइन किती

सहा ते आठ माणसं आणि सहा बाटल्या. पहिल्या खेपेला याहून पुढे जाऊ नका. सहाव्या वाइननंतर नवख्या माणसाची जीभ थकते आणि सगळंच ‘छान’ लागायला लागतं.

हिशोब सोपा आहे. बाटलीत 750 मिलिलिटर वाइन असते. चाखायला एका वेळी 50 मिलिलिटर पुरते, म्हणजे आठ जणांना 400. उरलेल्या 350 मधून नावं उघड झाल्यावर सगळ्यांना पुन्हा एकेक छोटा घोट देता येतो, आणि तो घोट फार महत्त्वाचा आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूनेही करून बघा. 50 मिलिलिटरचे सहा पेले म्हणजे 300 मिलिलिटर. 13 टक्के अल्कोहोल धरलं, तर त्यात साधारण 30 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं, तेही दुसरी फेरी न मोजता. म्हणून प्रत्येकासमोर थुंकायचं भांडं ठेवायचंच. आतलं दिसणार नाही असा उंच मग उत्तम. यजमानाने पहिल्याच घोटाला स्वतः थुंकून दाखवावं, म्हणजे इतरांचा संकोच गळून पडतो. गाडी चालवून परत जाणाऱ्याने सगळंच थुंकावं हेही पुरेसं नाही, त्याने त्या दिवशी गाडी चालवूच नये. आमंत्रण देतानाच परतीची सोय विचारून घ्या. कायद्याने ठरवलेल्या वयाखालच्या कुणाला बोलवू नका. जे पीत नाहीत त्यांना मात्र जरूर बोलवा. वास घेऊन वर्णन करण्यात ते अनेकदा सगळ्यांच्या पुढे असतात, आणि बाटल्या झाकण्या-ओतण्याचं कामही त्यांच्याकडे निर्धास्त सोपवता येतं.

बाटल्या निवडणं: सगळी मेहनत इथे

सहा विचित्र बाटल्या उचलून आणल्या आणि ओतल्या, असं केलं तर संध्याकाळ गोंधळात जाते. कशाची कशाशी तुलना करायची तेच कळत नाही. माझी पद्धत जोड्यांची आहे. सहा बाटल्यांच्या तीन जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीने एकच प्रश्न विचारायचा.

पहिली जोडी पांढऱ्या वाइनची: तोरोंतेस आणि असिर्तिको. प्रश्न असा, की नाकाला जे गोड वाटतं ते जिभेला गोड लागतं का?

तोरोंतेस हा अर्जेंटिनाचा वाण. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार, तोरोंतेस रिओहानो, हा मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया आणि क्रिओल्या चिका यांच्या संकरातून आला आहे. मस्कतकडून त्याला टर्पीन गटातली सुगंधी द्रव्यं मिळाली. पेला नाकाशी नेला, की फुलांचा दरवळ येतो, आणि पहिल्यांदा वास घेणारा जवळपास प्रत्येक जण ‘ही गोड असणार’ असं म्हणतो. घोट घेतला, की वाइन साधारणपणे कोरडी निघते, शेवटी किंचित कडवटसुद्धा. शेजारच्या पेल्यात असिर्तिको. हा ग्रीसमधल्या सँतोरिनी बेटाचा वाण. तिथे ज्वालामुखीच्या राखेत, सोसाट्याच्या वाऱ्यापासून वाचवण्यासाठी वेली टोपलीसारख्या गोल वळवून जमिनीलगत वाढवतात. याचा वास अबोल असतो, पण तोंडात गेल्यावर धारदार आंबटपणा आणि जवळजवळ खारट वाटावी अशी चव येते. उन्हाच्या प्रदेशात द्राक्षातलं आम्ल लवकर उतरतं, हा वाण मात्र ते धरून ठेवतो. एका पेल्यात सगळं नाकात, दुसऱ्यात सगळं जिभेवर. वास आणि चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एवढ्या स्पष्टपणे शिकवणारी दुसरी जोडी मला सापडलेली नाही.

दुसरी जोडी: नेरेल्लो मास्कालेझे आणि पिनो न्वार. इथे प्रश्न रंगाचा. दोन्ही फिक्या लाल. पिनो न्वार ही मुद्दाम घातलेली ओळखीची वाइन आहे. सहापैकी एक तरी बाटली अशी असावी, म्हणजे अनोळखी चवीला टेकायला काहीतरी मिळतं. पेल्यात बघून दोघी बहिणी वाटतात. पण इटलीतल्या सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरून आलेली नेरेल्लो हिरड्यांना जो तुरटपणा लावते, त्याने माणूस चमकतो. फिका रंग म्हणजे हलकी वाइन, हा समज इथे गळून पडतो.

तिसरी जोडी गडद: सापेरावी आणि कार्मेनेर. सापेरावी जॉर्जियाचा. नावाचा अर्थच ‘रंग देणारा’. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग फक्त सालीत असतो, याचा गरसुद्धा लाल असतो, त्यामुळे वाइन शाईसारखी उतरते आणि तिला आंबटपणाही भरपूर असतो. कार्मेनेर त्या मानाने मऊ, पण तिच्या वासात बरेचदा हिरव्या ढोबळी मिरचीची छटा सापडते.

कार्मेनेरची गोष्ट अशा संध्याकाळी सांगण्यासारखी आहे, पण नाव उघड केल्यावरच सांगा. हा वाण मूळचा फ्रान्समधल्या बोर्दोचा. 19 व्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने युरोपातले मळे उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर कार्मेनेर जवळजवळ नाहीशी झाली असं मानलं जात होतं. प्रत्यक्षात ती चिलीमध्ये मर्लो या दुसऱ्याच वाणाच्या नावाखाली मर्लोच्याच मळ्यांत मिसळून वाढत होती. 1994 साली फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको यांनी वेली पाहून तिला ओळखलं. कार्मेनेर मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकते. दोन्ही एकदमच तोडल्यामुळे तिची अर्धी कच्ची द्राक्षं त्या ‘मर्लो’ला हिरवट चव देत होती. पुढे ऑस्ट्रेलियात ज्या वेली आल्बारिन्यो समजून लावल्या होत्या त्यांच्याबद्दल शंका काढणारेही हेच बूर्सिको. 2009 मध्ये डीएनए चाचणीने त्या सावान्यां असल्याचं सिद्ध झालं. वेली लावणाऱ्यांनाही वर्षानुवर्षं नावाचा पत्ता नव्हता, हे कळलं की चुकीचा अंदाज केलेल्या पाहुण्याला बरं वाटतं.

नेमक्या याच बाटल्या मिळाल्या नाहीत तरी बिघडत नाही, फक्त जोडीचा प्रश्न सांभाळा. असिर्तिकोऐवजी हंगेरीचा कोरडा फुर्मिंट चालेल. नेरेल्लोऐवजी उत्तर ग्रीसचा क्सिनोमाव्रो. त्याच्या नावाचाच अर्थ ‘आंबट काळा’ असा आहे आणि तुरटपणात तो कुणाला हार जात नाही. सापेरावीच्या जागी दक्षिण इटलीचा आल्यानिको किंवा उरुग्वेत रुजलेला तान्ना. बाटली घेताना तीन गोष्टी बघा: ती एकाच वाणाची असावी, मिश्रण नको. फार जुनी नको. आणि लाकडी पिंपात फार काळ मुरवलेली नको, कारण ओकच्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास वाणाचा स्वतःचा आवाज दाबून टाकतो.

एक सातवी बाटली हाताशी राखीव ठेवा. कारण पुढे कळेल.

झाकायचं ते पुरतं झाकायचं

लेबल झाकलं म्हणजे बाटली झाकली असं होत नाही. उंच सडपातळ बाटली, उतरत्या खांद्यांची बाटली, काचेचा रंग, वजन, गळ्यावरचं फॉइल, बुचावर छापलेलं नाव, सगळं बोलतं. फॉइल पूर्ण काढा. बुचं लगेच खिशात घाला. काही बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, तेही नजरेआड करा. मग प्रत्येक बाटली जाड कागदी पिशवीत घालून गळ्याशी रबर लावा. लांब मोजेही चालतात, पण त्यांतून बाटलीचा आकार उमटतो. सर्वांत चोख उपाय म्हणजे वाइन स्वच्छ, एकसारख्या, बिनवासाच्या जगांमध्ये ओतून घेणं, किंवा दुसऱ्या खोलीत पेले भरून आणणं.

पिशव्यांवर 1, 2, 3 लिहू नका. आकडा दिसला की मन नकळत क्रम लावायला लागतं. क, ख, ग लिहा.

यजमानालाही खेळात उतरायचं असेल तर दोन माणसं लागतात. एकाने जोड्या न मोडता बाटल्या पिशव्यांत घालायच्या. दुसऱ्याने आत न बघता प्रत्येक जोडीतल्या दोन पिशव्यांची अदलाबदल करून अक्षरं टाकायची. आता कुठल्या अक्षरात काय आहे ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

दोन तास आधी

पांढरी वाइन 10 अंश सेल्सिअसच्या आसपास, फिक्या लाल 14 च्या आसपास, गडद लाल 16 ते 18. थर्मामीटर नसला तर पांढरी फ्रिजमधून वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा, आणि लाल बाटल्या खोली उबदार असेल तर तेवढाच वेळ फ्रिजमध्ये ठेवा. फार थंड वाइनचा वास मिटून जातो आणि तुरटपणा बोचरा होतो. गरम लाल वाइनमध्ये अल्कोहोल नाकात शिरतं.

पाहुणे यायच्या तासभर आधी सगळ्या बाटल्या उघडून कुणीतरी एकदा हुंगून घ्यायला हवं. यजमान स्वतः चाखणार असेल तर हे काम न पिणाऱ्या मित्राला द्या. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, तळघरातल्या ओलीसारखा वास आला तर बूच बिघडलेलं आहे. टीसीए नावाच्या रसायनाचा हा परिणाम, आणि तो हवेत ठेवून जात नाही. अशी बाटली बाजूला करून राखीव बाटली घ्यायची. एकदा मी ही पायरी वगळली होती. आठही जणांनी एका बिघडलेल्या वाइनचं मन लावून वर्णन लिहिलं, ‘मातीचा गंध’, ‘जुनी पुस्तकं’ वगैरे, आणि त्या बिचाऱ्या वाणाची पहिली ओळख कायमची चुकीची झाली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पेल्यांची चिंता करू नका. आठ जणांना सहा-सहा म्हणजे अठ्ठेचाळीस पेले कुणाच्या घरात असतात? जोड्यांची पद्धत इथेही कामी येते, कारण माणशी दोनच पेले लागतात. ते एकसारखे, पारदर्शक, वर निमुळते असावेत. चाखण्याच्या पेल्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3591, 1977 सालचं. त्यातला पेला जेमतेम 215 मिलिलिटरचा आहे, म्हणजे मोठाल्या फुगीर पेल्यांची गरजच नाही. दोन जोड्यांच्या मध्ये पेला पाण्याने धुण्यापेक्षा पुढच्या वाइनच्या चमचाभर घोटाने विसळून तो भांड्यात ओतावा.

अत्तर, सुगंधी मेणबत्ती, शेजारी शिजणारं काही, यांतलं काहीही नको. आमंत्रणातच अत्तर न लावण्याची विनंती करा, कुणी रागावत नाही. टेबलावर पांढरा कागद पसरा, रंग त्यावरच दिसतो. साधं पाणी आणि बिनचवीचा पाव पुरे, जेवण नंतर.

चाखताना: आधी वर्णन, मग नाव

सगळ्या कार्यक्रमाचा कणा हाच. पहिली पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही. हे नियम म्हणून आधीच सांगा आणि निष्ठेने पाळा. एकाने ‘चेरी!’ म्हटलं, की सात जणांना चेरी लागते. नजरेचीही तीच गत. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोनदा दिली. एकदा तशीच, एकदा बिनवासाचा लाल रंग मिसळून. रंगवलेल्या पेल्याचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकाची ही अवस्था, तर आपण जपून राहिलेलं बरं. म्हणून मी पाहुण्यांना पहिला वास डोळे मिटून घ्यायला सांगतो, रंग नंतर लिहायचा.

प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि त्यावर चारच गोष्टी लिहायला सांगा: वास, तोंडातली जाणीव, घोट गेल्यावर काय उरतं, आणि शेवटी रंग. गुण देऊ नका. दहापैकी सात म्हटल्याने वाइनबद्दल काहीच कळत नाही.

तोंडातली जाणीव नवख्यांना अवघड वाटते, म्हणून थोडं थांबून दाखवा. आंबटपणा मोजायचा तर घोट थुंकल्यावर मान किंचित खाली झुकवा. तोंडाला किती पाणी सुटतं तेवढा आंबटपणा. तुरटपणा याच्या उलट तोंड कोरडं करतो, हिरड्या खरखरीत होतात, ओठ दातांना चिकटतात. हे टॅनिन या द्राक्षातल्या तुरट द्रव्याचं काम. इथे मराठी माणसाला भाषेचा आयता फायदा आहे. कडू आणि तुरट यांची गल्लत अनेक भाषांत होते, आपल्याकडे दोन्हींना स्वतंत्र, स्वच्छ शब्द लहानपणापासून आहेत. ते वापरा. आंबूस, उग्र, कोंदट, खमंग, कोवळा, पिकलेला, रापलेला, हे शब्द परक्या वर्णनांच्या यादीपेक्षा कितीतरी अचूक बसतात. अल्कोहोल घशात ऊब म्हणून कळतं. आणि गोडव्याची शंका असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. साखर असेल तर नाक बंद असूनही जीभ सांगेल. तोरोंतेसच्या बाबतीत हे करून बघणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो, कारण नाक धरताच सगळा ‘गोडवा’ नाहीसा होतो.

पाच मिनिटं संपली की बोलणं सुरू. सुरुवात सर्वांत नवख्या किंवा सर्वांत अबोल माणसाने करायची, आणि जाणकाराने शेवटी. हा क्रम उलटा झाला तर नवखा आपला कागद हळूच खोडतो, मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. दोघांची वर्णनं जुळली नाहीत तर वाद मिटवायला जाऊ नका. नाकं खरोखरच वेगवेगळी असतात. ऑस्ट्रियाच्या ग्रूनर फेल्टलिनरमध्ये आणि शिराझमध्ये मिरीचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला ते भरपूर प्रमाणात असूनही जाणवत नाही. एकाला मिरी येते, दुसऱ्याला येत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तिन्ही जोड्या संपल्या, कागद भरले, की मगच यजमानाने सहा वाणांची यादी वाचायची, प्रत्येकाबद्दल एका ओळीच्या माहितीसह. ‘एक वाण असा, की ज्याचा गरही लाल आहे.’ ‘एक असा, की नाकाला फसवतो.’ आता प्रत्येकाने आपलंच वर्णन वाचून अक्षरांपुढे नावं लिहायची. यादीशिवाय अंदाज मागितला तर ती निव्वळ सोडत होते. यादी आधीच दिली तर माणसं वाइन सोडून यादीच चाखत बसतात. मधली जागा ही अशी आहे.

झाकली मूठ उघडताना

एकदम सहा पिशव्या फाडू नका. एका जोडीचे अंदाज ऐका, त्या दोन पिशव्या उघडा, बाटली हातोहात फिरू द्या, त्या वाणाची गोष्ट सांगा आणि लगेच तीच वाइन पुन्हा ओता, तीसेक मिलिलिटर. आता नाव ठाऊक असताना घेतलेला हा घोट आणि कागदावरचं नाव ठाऊक नसतानाचं वर्णन शेजारी ठेवून बघायला सांगा. काही शब्द पक्के ठरतात. काही शब्द बाटली बघितल्यावरच सुचलेले असतात, आणि ते कुठले हे प्रत्येकाला स्वतःचं स्वतः कळतं. शिकणं घडतं ते याच घोटाला. राखून ठेवलेल्या 350 मिलिलिटरचं कारण हेच होतं.

किती अंदाज बरोबर आले ते मोजायचं तर मोजा, पण मला विचाराल तर वाचून दाखवावं असं काही वेगळंच असतं: न ओळखता आलेल्या वाइनचं नेमकं वर्णन. आमच्याकडे एका मैत्रिणीने, जिने आयुष्यात दुसऱ्यांदाच वाइन चाखली होती, नेरेल्लोपुढे लिहिलं होतं, ‘दिसते पाण्यासारखी, धरते वाळूसारखी.’ वाण तिला ओळखता आला नाही, पण तेव्हापासून तो वाण आम्हा सगळ्यांना याच वाक्याने आठवतो.

पाहुणे गेल्यावर प्रत्येक बाटलीचं बूच परत लावून, पिशवीवरचं अक्षर बाटलीवर लिहून ती फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस वाइन बरी राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी सापेरावी आणि नेरेल्लोचा एकेक घोट न सांगता पुढे करायला लावा, आणि आदल्या दिवशीचा कागद काढण्याआधी नवा लिहा. तुरटपणा बरेचदा रात्रीत उतरलेला असतो, आणि काल ज्याच्याखाली दबला होता तो वास वर आलेला असतो.